फुटबॉलच्या अकॅडमीचं पत्र आलंय, पोराला पाठवायचं का?

जेवणं उरकली असतील तर बसा, नसतील तर रेडिओ चुलीजवळ ओढून घ्या. आजचा विषय आम्ही शोधून काढलेला नाही, तो आपणहून आमच्याकडं आला. दिवाळीनंतर तीन आयांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. पोराला किंवा पोरीला फुटबॉलच्या निवासी अकॅडमीत घेतो म्हणून पत्र आलंय, पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचंय, काय करू?

आपल्या कोल्हापूरकडं फुटबॉलचं नवल नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं आपल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गावातली तरणी पोरं मोटरसायकली काढून जातात आणि रात्री घसा बसवून परत येतात. नवीन आहे ते एवढंच, की आता बारा-तेरा वर्षांच्या पोरांना, आणि पोरींनाही, घर सोडून ये म्हणणारी पत्रं यायला लागलीत. आणि घरात आजोबा एक म्हणतात, बाप एक म्हणतो, सर तिसरंच सांगतात. आईला कुणी विचारत नाही. पण पोरगं गेलं तर रात्री झोप तिचीच उडणार असते.

आम्ही तिन्ही पत्रं मागवून घेतली आणि गटाच्या बैठकीत वाचली. वाचल्यावर कळलं की तिन्ही पत्रांत ‘निवड’ हा शब्द आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

एक पत्र निवडीचं नव्हतंच. पुढच्या चाचणीला या, येताना ट्रायल फी भरा, एवढंच त्यात होतं. त्या घरी पेढे वाटून झाले होते. त्या ताईंना आम्ही सांगितलं, चाचणीला जायचं तर जा, पण ट्रायलचे पैसे घेणाऱ्याकडं आधी चौकशी करा. देशाच्या फुटबॉल महासंघाची, म्हणजे ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनची, मान्यता असलेल्या अकॅडमींची यादी असते. त्यात नाव आहे का, हे गावातल्या कुठल्याही शिकलेल्या पोराला मोबाइलवर बघून सांगता येतं. नसेल तर फोन करून ‘का नाही’ विचारायचं. उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर तेही एक उत्तरच समजायचं.

दुसरं पत्र एका खासगी अकॅडमीचं होतं. मुलगा अकरा वर्षांचा. राहणं, खाणं, शाळा, सराव मिळून वर्षाला एक लाख ऐंशी हजार रुपये, शिवाय बूट आणि गणवेश वेगळा. कागद गुळगुळीत, वर परदेशी खेळाडूचा फोटो. या ताईंना आमच्याच गटाकडून साठ हजारांचं कर्ज हवं होतं आणि उरलेल्यासाठी एक म्हैस विकायची तयारी होती. म्हणजे हा प्रश्न नुसता त्यांच्या घरचा राहिला नाही, आमचाही झाला. त्याविषयी पुढं बोलतो.

तिसरं पत्र मुलीचं. बारा वर्षं पूर्ण, सातवीत. सरकारी निवासी प्रशिक्षण, खर्च काही नाही. इथं आई तयार होती, आजी नाही म्हणत होती. आजीचं म्हणणं आम्ही जसंच्या तसं सांगतो: “पोरगी एकदा गेली की ती आपली राहत नाही, आणि परत आली तर तिला करून घेणार कोण?”

आधी पैशाचं बोलू, कारण त्यात गोंधळ जास्त आहे. महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. पुण्याला बालेवाडीत आहे, आपल्या कोल्हापुरात आहे, आणखी काही जिल्ह्यांत आहेत. सगळीकडं सगळे खेळ नसतात, म्हणून आपला खेळ कुठं आहे ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारायचं. तिथं राहणं, जेवण, शिक्षण, खेळाचं साहित्य, सगळं सरकार बघतं. निवडीसाठी पोरांची उंची-वजन घेतात, धावायला, उड्या मारायला, चेंडू फेकायला लावतात. ओळखीवर नाही, गुणांवर घेतात. केंद्र सरकारची ‘खेलो इंडिया’ योजना वेगळी. तिच्या यादीत नाव आलेल्या खेळाडूवर वर्षाला सहा लाख अठ्ठावीस हजार रुपयांची तरतूद असते. त्यातले एक लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार, हातखर्चासाठी असतात. हा आकडा गावात फिरतो आणि लोकांना वाटतं अकॅडमीत गेलं की दहा हजार सुरू. तसं नाही. तो यादीतल्या निवडक मुलांसाठीच आहे. काही मोठ्या कंपन्यांच्या आणि क्लबांच्या अकॅडमीही पूर्ण शिष्यवृत्तीवर मुलं घेतात, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि बहुतेक मुलग्यांसाठी.

यातून आम्हाला एक गोष्ट दिसली. ज्याला आपलं पोर खरंच हवं असतं, तो बहुतेक वेळा पैसे मागत नाही. जो मागतो, त्याला पोर हवं आहे की फी, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. सगळ्या खासगी अकॅडमी लबाड आहेत असं आम्ही म्हणत नाही. मैदान, प्रशिक्षक, स्वयंपाकी यांचा खर्च कुणीतरी करायचाच. पण तिथं ‘निवड झाली’ या शब्दाची किंमत निम्मी धरावी.

आता पोर पुढं जाणार किती, हा प्रश्न. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, आणि प्रत्येक अकॅडमीच्या माणसाच्या तोंडी त्याचं नाव असतं. पण त्या संघात सगळ्या देशातून एकवीस पोरं होती. एकवीस. आपल्या एका तालुक्यात फुटबॉल खेळणारी पोरं किती, ते मोजा. इंग्लंडसारख्या देशात मोठे क्लब आठ-नऊ वर्षांची पोरं घेतात, सगळ्या सोयी देतात, आणि तिथंही बहुतेकांना अठराच्या आत घरी पाठवतात. म्हणून ‘पोरगं मोठा खेळाडू होईल’ या आशेवर हिशेब मांडला तर तो चुकतोच. हिशेब असा मांडायचा: खेळाडू नाही झालं, तर चार वर्षांनी हे पोर काय घेऊन परत येईल?

शिक्षण घेऊन येईल का? हा पहिला मुद्दा. पुण्याकडच्या एका ठिकाणी आम्ही मुलीच्या आईबरोबर स्वतः गेलो. तिघी होतो, एसटीनं गेलो, भाकरी बांधून नेली. मैदान दाखवायला ते लोक फार उत्सुक होते. आम्ही म्हणालो, मैदान राहू दे, आधी शाळा दाखवा. शाळा आवारात नव्हती, जवळच्या हायस्कुलात पोरं जात होती. तिथल्या मुख्याध्यापिकांना विचारलं, हजेरी किती? त्यांनी हजेरीपट काढून दाखवला, हे आम्हाला आवडलं. स्पर्धांच्या दिवसांत पोरं पंधरा-पंधरा दिवस नसतात, हे त्यांनी लपवलं नाही. मग बुडालेले तास कोण भरून काढतं, तर संध्याकाळी एक शिक्षक वसतिगृहात येतात. आम्ही त्या शिक्षकांची वाट बघत थांबलो. ते आले. नसते आले तर आमचं मत वेगळं झालं असतं.

संडास-न्हाणीघर बघितलं. कड्या आतून लागतात का, हे एकेक दार ओढून बघितलं. मुलींच्या मजल्यावर रात्री बाई राहते की फक्त बाहेर पहारेकरी, हे विचारलं. पाळीच्या दिवसांत सराव कसा, पॅड कोण देतं, दुखत असलं तर कुणाला सांगायचं, हे विचारल्यावर तिथले एक सर खाली बघायला लागले, पण वॉर्डनबाईंनी नीट उत्तर दिलं. स्वयंपाकघरात डाळ पातळ होती. अंडी रोज आहेत असं फळ्यावर लिहिलं होतं, म्हणून आम्ही पोरींना वेगळं विचारलं. त्या म्हणाल्या, रोज नाही, पण आठवड्यातून चारदा असतात. खरं बोलणारी पोरं जिथं भेटतात तिथं निदान त्यांना धाक घातलेला नाही, एवढं कळतं.

खाण्याचा मुद्दा मुलींच्या बाबतीत फार मोठा आहे, बायांनो. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींमागे सुमारे एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशी मुलगी रोज दोन वेळा पळणार असेल तर तिचं रक्त तपासल्याशिवाय पाठवू नका. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. कमी असेल तर गोळ्या सुरू करा आणि दोन-तीन महिन्यांनी परत तपासा. आमच्या या मुलीचं साडेनऊ निघालं. पळताना तिला धाप लागायची, आणि घरचे म्हणायचे आळस करते.

दुखापतीचंही बोलायला हवं. वाढीच्या वयात गुडघ्याखालचं हाड आणि टाच दुखते, कारण हाड वाढत असतं आणि त्यावर ओढ बसते. ते नाटक नसतं. मुलींच्या गुडघ्याच्या आतला मोठा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलग्यांपेक्षा दुपटीहून जास्त असतो. यावर उपाय आहे. सरावाआधी वीस मिनिटं करायचा एक ठरावीक व्यायाम फिफानं तयार केला आहे, त्याला ‘फिफा ११ प्लस’ म्हणतात. त्यानं दुखापती बऱ्याच कमी होतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. तो करायला पैसे लागत नाहीत. प्रशिक्षकाला विचारा, हा व्यायाम करून घेता का? ज्याला तो माहीतच नाही, त्याच्या हाती बारा वर्षांची पोर देताना दोनदा विचार करा. आणि पोराला किती तास पळवतात तेही विचारा. खेळाचे डॉक्टर एक सोपं माप सांगतात: पोराचं वय जेवढं, त्याहून जास्त तास आठवड्यात एका खेळाचा सराव नको. अकरा वर्षांच्या पोराला अकरा तास. त्या गुळगुळीत पत्रातल्या वेळापत्रकाची आम्ही बेरीज केली, तेवीस तास झाले.

जाता जाता वयाच्या दाखल्याचं सांगतो. आपल्याकडं निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असते, गुरुजींच्या कृपेनं. खेळात ही तारीख महाग पडते. वयोगट मोजताना एखादं वर्ष इकडं-तिकडं झालं तर पोर मोठ्यांत जाऊन मार खातं, नाहीतर लहानांत खेळून खोटं ठरतं. मनगटाच्या हाडाचा फोटो काढून वय तपासतात आता. कुणी म्हणालं की दाखल्यावर दोन वर्षं कमी करून देतो, तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवा. ग्रामपंचायतीतला जन्मनोंदीचा उतारा काढा आणि शाळेतली तारीख त्याच्याशी जुळते का ते आत्ताच बघा.

आता आजी जे स्पष्ट बोलली नाही, पण जी भीती तिच्या मनात होती, ते. २०२२ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत सामने झाले. त्याच्या काही महिने आधी त्याच संघाच्या परदेश दौऱ्यात एका सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला काढून टाकण्यात आलं, पॉक्सोखाली खटला झाला. देशाच्या संघात असं होऊ शकतं, तर भीती खोटी नाही. पण आम्हाला त्यातून ‘मुलींना पाठवू नका’ हे दिसत नाही. तसं म्हटलं तर शाळेच्या वाटेवर, उसाच्या फडात, नात्यातल्या लग्नात तरी त्या कुठं सुरक्षित आहेत? दिसतं ते हे, की कुणीतरी तक्रार केली आणि ती ऐकली गेली. म्हणून विचारायचं: इथं तक्रार कुणाकडं करायची? तिचं नाव काय? ती बाई आहे का? मुलीला आठवड्यातून कितीदा फोन करता येतो, आणि फोनवर बोलताना शेजारी कोण उभं असतं? प्रशिक्षकाच्या खोलीत एकट्या मुलीला बोलावत नाहीत, असा नियम लिहिलेला आहे का? मुलीला १०९८ हा नंबर पाठ करून द्या. आणि तिला सांगा, तू काही सांगितलंस तर तुझा खेळ बंद करणार नाही. मुली याच भीतीनं गप्प बसतात. सांगितलं की घरी आणतील, म्हणून.

त्याच संघाची कप्तान होती अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या छोट्या गावची. ती कप्तान झाली म्हणून सरकारनं तिच्या गावाला रस्ता मंजूर केला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईबाप मजुरीला होते. ही बातमी तेव्हा सगळ्या पेपरात आली होती. आमच्या गटात वाचून दाखवली तेव्हा काहींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एक ताई म्हणाल्या, “म्हणजे पोरगी देशाची कप्तान झाली तरी आईच्या डोक्यावरची पाटी काय उतरली नाही.” दोन्ही बरोबर आहे. भारत त्या स्पर्धेत तिन्ही सामने हरला, एकही गोल करता आला नाही. पण तिच्या जिल्ह्यातल्या मुलींना कप्तानाचं गाव आता ठाऊक झालं.

खेळाडू नाही झालं तरी काही हाती लागतं का, हे विचारत होतो. लागतं. ठरावीक स्पर्धांमधल्या खेळाबद्दल दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठल्या स्पर्धेतलं कुठलं प्रमाणपत्र चालतं याचे नियम ठरलेले आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. कुठल्याही चषकाचा रंगीत कागद तिथं चालत नाही. पोर ज्या स्पर्धेत खेळणार ती या यादीत बसते का, हे अकॅडमीला आधी विचारा.

आणि पोराला विचारा. हे आम्ही शेवटी सांगतोय, पण करायचं आधी. बापासमोर नाही, सरांसमोर नाही. भांडी घासताना, शेण काढताना, सहज. खासगी अकॅडमीच्या पत्रातल्या त्या मुलाला आमच्यातल्या एकीनं असं विचारलं. तो म्हणाला, “मला जायचंय, पण आठवड्याला परत यायचंय.” अकरा वर्षांचं लेकरू ते. त्याला खेळ हवा होता, वसतिगृह नको होतं. तेराच्या आत पोर घराबाहेर ठेवू नये, असं आमच्या गटाचं मत पडलं. त्यावर मतभेद झाले, ते सांगायला हवेत. ऊसतोडीला जाणाऱ्या दोघी म्हणाल्या, आमची पोरं सहाव्या वर्षापासून वसतिगृहात आहेत, म्हणून तर शिकतायत. त्यांचंही खरं आहे. ज्याला घरी थांबवून घरच मिळत नाही, त्याचा हिशेब वेगळा.

साठ हजारांचं कर्ज गटानं नाकारलं. बैठक दोन तास चालली आणि त्या ताई रागावून उठून गेल्या. आमचं म्हणणं असं होतं, की गटाचं कर्ज कमाईच्या वस्तूवर घ्यावं किंवा दवाखान्याला घ्यावं. दरवर्षी वाढणाऱ्या फीसाठी घेतलं तर पहिल्या वर्षी म्हैस जाते आणि दुसऱ्या वर्षी हप्ते भरायला दूधच नसतं. पण नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसणं आम्हालाही पटेना. गोव्यात सरकारच्या फुटबॉल विकास मंडळाची केंद्रं गावोगाव आहेत, पोरं घरी राहून संध्याकाळी शिकतात. आपल्याकडं तसं मंडळ नाही, पण मैदान आहे आणि तालमीकडून खेळलेले एक दादा शेजारच्या गावात आहेत. सात आयांनी मिळून त्यांच्या पेट्रोलचे महिन्याला दोन हजार द्यायचे ठरवलं. आठवड्यातून तीन संध्याकाळ ते येतात. एकोणीस पोरं आहेत, त्यातल्या सहा मुली. रागावलेल्या ताईंचा मुलगाही येतो. ताई अजून आमच्याशी बेताचंच बोलतात, पण हप्ता वेळेवर भरतात आणि म्हैस गोठ्यात आहे.

मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. आईनं जाण्याआधी तीन गोष्टी लिहून मागितल्या: दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, वर्षाच्या मधे परत आणलं तर शाळेचा दाखला अडवणार नाही ना, आणि दर रविवारी फोन. पहिल्या दोन गोष्टी कागदावर मिळाल्या. फोनचं ‘बघू’ म्हणाले. आई म्हणाली, बघू नाही, लिहा. लिहिलं. जूनमध्ये मुलगी गेली. पहिले तीन रविवार नुसती रडली, चौथ्या रविवारी बुटाचा नंबर सांगितला. आजी फोनवर बोलत नाही, पण रविवारी सकाळपासून फोन चार्जिंगला लावून बसते. वर्ष संपलं की आई परत तिथं जाऊन बघणार आहे, आणि दरवर्षी नव्यानं ठरवायचं असं घरात ठरलंय.

तुमच्यापैकी कुणाकडं असं पत्र आलं असेल तर येत्या मंगळवारी दुपारी दोन वाजता आमच्या केंद्रावर या. पत्र, मुलाचा जन्मनोंदीचा उतारा आणि संमतीपत्राचा नमुना आणा. संमतीपत्रावर सही करून आणू नका, कोरंच आणा. मूळ कागद घरी ठेवा आणि झेरॉक्स घेऊन या. पोराला बरोबर आणलं तरी चालेल. आम्ही त्याला चहा देऊ आणि तुम्हाला जरा वेळ बाहेर बसवू.